चिनी पुस्तकातली टोपी

आमच्या चाळीत पुस्तक म्हणजे शाळेचं पुस्तक. ते पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं असायचं, म्हणून त्यात पेन्सिलीची रेघसुद्धा मारायची नाही. मला मात्र चौथीत असताना माझं स्वतःचं एक पुस्तक मिळालं, आणि ते चीनमध्ये छापलेलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत माग चालवायचे. सोलापुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत आणि आमच्या भागातलं जेवणखाण, झोप, शाळा सगळं त्या भोंग्यांवर चाले. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले, पण पाळी सुटली की युनियनच्या खोलीत जाऊन वाचत बसायचे. त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. वरच्या कप्प्यांत रशियाची पुस्तकं, ती कुणीही घरी न्यायचं. खालच्या कप्प्यात थोडी चिनी पुस्तकं होती, हिंदीत छापलेली. ती कलकत्त्याहून कुणाच्या तरी पिशवीतून येत. चीनशी लढाई होऊन गेली होती, त्यामुळे चीनचं नाव मोठ्यानं काढायची सोय नव्हती. अण्णांनी त्यांतलं मुलांचं एक चित्रांचं पुस्तक सदऱ्याखाली घालून घरी आणलं आणि मला म्हणाले, "शाळेत नेऊ नको. आन् बाईंना तर दाखवूच नको."

त्या पुस्तकात माझ्याएवढी एक मुलगी होती. गळ्यात लाल रुमाल, गाल टमाट्यासारखे. ती साऱ्या गावाची बदकं राखायची. त्या गावात एक गोदामवाला होता. पूर्वी तो जमीनदार होता, आता गरिबासारखा राहत होता. कालव्याच्या बांधाला कुणीतरी भोकं पाडत होतं आणि पाणी वाया जात होतं. कोण ते कुणालाच कळत नव्हतं. एक दिवस त्या मुलीला गोदामवाल्याच्या जोड्यांना ओला चिखल दिसतो. गोदाम कोरडं, रस्ता कोरडा, मग चिखल कुठून आला? ती धावत जाऊन सांगते. गावकरी जमतात. गोदामवाल्याला मधोमध उभं करतात आणि त्याच्या डोक्यावर कागदाची उंच निमुळती टोपी घालतात. टोपीवर चिनी अक्षरं असतात. शेवटच्या पानावर ती मुलगी बांधावर उभी, मागे सूर्य, पायाशी बदकं, आणि सगळी मोठी माणसं तिच्याकडे बघतायत.

मला हिंदी अडखळत वाचता यायचं. अण्णांनी दोन-तीनदा वाचून सांगितलं आणि मग ते पुस्तक मला पाठ झालं. आमच्या घरात रंगीत म्हणावं असं कॅलेंडरावरच्या देवाचं एकच चित्र होतं. त्या पुस्तकाच्या पानापानावर हिरवं पाणी, पांढरी बदकं, लाल रुमाल. मी ते हुंगायचे. त्याला रॉकेलसारखा, पण गोड वास होता.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं मुलांना हात धरून रेघा मारायला शिकवल्या, त्यामुळे त्या चित्रांत काय केलेलं होतं ते आज मला सांगता येतं. प्रत्येक चित्रात उजेड त्या मुलीच्या बाजूनं यायचा. गोदामवाला ज्या पानावर असेल तिथे करडा आणि काळा रंग, आणि तो नेहमी वाकलेला, तिरका बघणारा. गावकऱ्यांचे हात त्यांच्या अंगाच्या मानानं मोठे काढलेले. मुलगी थोडी खालून बघितल्यासारखी काढलेली, म्हणजे ती लहान असून उंच वाटायची. चित्रं फार सुंदर होती, काढणाऱ्याचा हात तयार होता. पण त्या सगळ्या पुस्तकात 'आपलं चुकत तर नसेल?' असा चेहरा एकाही माणसाचा नव्हता. नऊ वर्षांच्या मला यातलं काही दिसलं नाही. मला फक्त त्या मुलीच्या जागी उभं राहायचं होतं.

आमच्या शेजारच्या खोलीत एक कुटुंब राहायचं. नवराबायको आणि माझ्याच वर्गातली त्यांची मुलगी. नवरा अण्णांच्याच गिरणीत, अण्णांच्याच खात्यात. ते वैरागकडचे आणि माझ्या आईचं माहेरही वैरागजवळचं, म्हणून आईनं त्यांना भाऊ मानलं होतं. भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची. मी त्यांना मामा म्हणायचे. मामांना लिहिता येत नव्हतं, अक्षरं लावून लावून वाचता तेवढं यायचं. गावाकडे पाठवायची पत्रं ते माझ्याकडून लिहून घेत. ते सांगत, मी कार्डावर लिही. लिहून झालं की कार्ड लांब धरून म्हणायचे, "मोती हायत मोती." आणि मग आपल्या मुलीला म्हणायचे, "बघ जरा, आन् शीक."

ती माझी एकुलती एक मैत्रीण होती. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, घरी एका पायरीवर. चिनी पुस्तक मी चाळीत फक्त तिलाच दाखवलं होतं.

त्या वर्षी गिरणीत संप झाला. पहिले आठ-दहा दिवस चाळीत जत्रा असल्यासारखं होतं. सगळी माणसं दिवसा घरी, अंगणात पत्ते, भाषणं, घोषणा. मग ते हळूहळू विरलं. लोक कमी बोलायला लागले. अशी बातमी आली की गिरणीत मागच्या दरवाजानं काही जणांना आत घेतात आणि थोडे माग चालू आहेत. भिंतीला कान लावला की आवाज येतो म्हणे. कोण जातं, कुणालाच माहीत नव्हतं. युनियनचे सेक्रेटरी चाळीत येऊन सांगून गेले, "आपल्यातलंच कोणतरी आहे. डोळे उघडे ठेवा." ते सगळ्यांना सांगत होते, पण मला वाटलं ते मलाच सांगतायत.

मी डोळे उघडे ठेवले. शाळा सुटली की सरळ घरी न येता गिरणीला वळसा घालून यायचे. एक दिवस दुपारी मागच्या दरवाजाच्या बोळात मला मामा दिसले. भराभर चालत होते, मान खाली. मी हाक मारली तर दचकले. म्हणाले, "तू कुटं हिंडतीस उनाचं? जा घरी." ते जवळ आले तेव्हा मला त्यांच्या केसांत आणि भुवयांवर सुताचं पांढरं तूस दिसलं. गिरणीतून आलेल्या माणसाच्या डोक्यात असतं तसंच. अण्णांच्या डोक्यात ते रोज असायचं, पण संप सुरू झाल्यापासून चाळीत कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

मला भीती वाटत नव्हती, आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं. जोड्यांवरचा चिखल मला सापडला होता.

संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. ते माझा हात धरून मला युनियनच्या खोलीत घेऊन गेले. तिथे सेक्रेटरी आणि दोघंतिघं बसले होते. सेक्रेटरींनी मला स्टुलावर बसवलं आणि पुन्हा सगळं विचारलं.

"बोळात दिसले म्हणतीस. पण बोळातून कुणीबी जातंय. दरवाज्यातनं बाहेर येताना बघितलंस का तू?"

मी बघितलं नव्हतं. बोळ दरवाज्याच्या पुढेही जातो, पार पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीपर्यंत. पण सगळे माझ्याकडे बघत होते. पुस्तकात जसे बघतात तसेच.

"व्हय," मी म्हणाले. "दरवाज्यातनंच आले."

सेक्रेटरींनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "पोरगी खोटं बोलत न्हाय." मला खाली उतरवून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अण्णा मारायचे नाहीत, तसे जवळही घ्यायचे नाहीत. तो हात मला अजून आठवतो.

मग त्यांचं बोलणं सुरू झालं. उद्या दुपारी चौकात बोलवायचं, सगळ्यांसमोर विचारायचं. कुणी म्हणालं तोंडाला काळं फासू. मी मध्येच म्हणाले, "टोपी घालायची. कागदाची, उंच. पुस्तकात हाय." सेक्रेटरी हसले. त्यांनीही ते पुस्तक बघितलं असणार. म्हणाले, "कर की मग. तुझं अक्षर चांगलं हाय म्हणं. वर 'फितूर' लिही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी मी जुन्या कॅलेंडराची मोठी पानं घेतली, आईकडून कणकेची खळ शिजवून घेतली आणि पायरीवर बसले. मैत्रीण आली आणि मी काही न म्हणता मदतीला बसली. विचारलं, "कशाला गं?" मी म्हणाले, "युनियनचं नाटक हाय, त्याला." तिला ते लगेच पटलं. तिनं कागद गोल धरला, मी खळ लावली. शिवण सुटू नये म्हणून तिनं बराच वेळ दोन्ही तळहातांत दाबून ठेवली. लिहिताना मी अडले. तिला विचारलं, "फितूरमधला तू पहिला का दुसरा?" ती शुद्धलेखनात माझ्यापेक्षा पुढे होती. म्हणाली, "दुसरा." मी दुसरा काढला.

दुपारी मामांना चौकात नळापाशी बोलावलं. कुणी धरून आणलं नव्हतं, ते आपणहून आले. काय विचारतायत ते कळल्यावर त्यांना आधी हसूच आलं. म्हणाले, "आवो, मी पूर्व भागात जातुय. त्या तेलुगू विणकराच्या घरी, हातमागावर. चार साड्यांचं काम हाय. इचारा की त्याला. आत्ता चला, धा मिंटांवर हाय त्याचं घर." सेक्रेटरी म्हणाले, "दरवाज्यातनं येताना बघितलंय तुला." "कुणी?" मामांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मी अण्णांच्या मागे होते. चाळीतल्या शंभर माणसांत पूर्व भागात जाऊन त्या विणकराला विचारून यावं असं एकालाही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण कुणी हललं नाही.

मग टोपी आली. ती मोठी झाली होती, भुवयांपर्यंत खाली उतरली. मामांनी हात वर केला तर दोघांनी हात धरले. तेव्हा पायरीवरून हसण्याचा आवाज आला. माझी मैत्रीण. तिला वाटलं, नाटक सुरू झालं. तिनं एकदा टाळीसुद्धा वाजवली. मामांनी आवाजाकडे मान वळवली. मग तिला आजूबाजूचे चेहरे दिसले असावेत. तिचे हात तसेच एकमेकांना लागून राहिले.

माझी आई दारात उभी होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, तशी ती आत गेली आणि कडी घातली.

मामांना मारलं नाही. फक्त चौकात तसंच उभं केलं आणि एकेक जण बोलून गेला. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. मी शेवटपर्यंत थांबले नाही. पुस्तकात त्या चित्रानंतर लगेच सूर्य उगवतो. इथे नुसतं ऊन होतं आणि नळ गळत होता.

चार दिवसांनी ते कुटुंब वैरागला निघून गेलं. सामान एका छकड्यात मावलं. मैत्रीण माझ्याशी बोलली नाही, मीही बोलले नाही. बाकावरची तिची जागा वर्षभर रिकामी राहिली, कारण बाईंनी तिथे दुसरं कुणाला बसवलं नाही. सेक्रेटरींनी मला बक्षीस म्हणून आणखी दोन चिनी पुस्तकं दिली. मी ती उघडली, चित्रं बघितली. एकात मुलगा पुलाखाली लपलेला हेर पकडतो. दुसऱ्यात मुलं मिळून आपल्या आजोबांना जुन्या पोथ्या जाळायला लावतात. आजोबा सुरुवातीला रडतात आणि शेवटी हसतात. मी ती पुस्तकं ट्रंकेत तळाशी ठेवली.

संप तसाही मोडला. गिरणी पुढे बरीच वर्षं चालली आणि मग कायमची बंद पडली. संपाच्या वर्षीच्या दिवाळीला आईनं कुणालाच ओवाळलं नाही. पुढेही कधी नाही.

अण्णा गेले तेव्हा मी नोकरीत होते, लग्न झालेलं, मुलं मोठी. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले आणि आई आणि मी दोघीच घरात राहिलो. मी म्हणाले, "अण्णांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही." आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यो विणकर आला हुता आपल्या घरी."

मला कळेना, कुठला विणकर.

"पूर्व भागातला. तुझा मामा गावाला गेला, त्याच्या आठ दिवसांनी. म्हणाला, तुमचा माणूस माज्याकडंच येत हुता, मी सांगतो चौकात येऊन. तुझ्या अण्णांनी त्याला च्या पाजला आन् लावून दिला. मला म्हणाले, आता मागं घेतलं तर लोक युनियनवर इश्वास ठेवायचे न्हाईत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मी मामांना दरवाज्यातून येताना बघितलं नव्हतं."

"ठाव हाय."

"कसं?"

"ल्हानपणी खोटं बोललीस की पायाच्या अंगठ्यानं भुई उकरायचीस तू. त्या सांजच्याला घरी येऊन मला सांगत हुतीस, तवाबी उकरत हुतीस." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मीबी बोलले न्हाय. पोर हाय म्हणलं. माझंबी चुकलंच."

निवृत्त होऊन मला आता चार वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. ती मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात काम करते. म्हणाली, "बाई, चीनची चार चित्रपुस्तकं मराठीत करायची आहेत. इंग्रजी मजकूर पाठवते. तुमची भाषा सोपी आहे, आणि तुम्हाला चित्रंही कळतात." मी हो म्हणाले. चीन म्हटल्यावर ते जुनं पुस्तक आठवलं, पण इतक्या वर्षांनी आता काय, असं मनाला सांगितलं. फोनवर आलेली पानं झेरॉक्सच्या दुकानात जाऊन रंगीत छापून घेतली.

पहिल्या पुस्तकात डोंगरातून जाणारी भरधाव गाडी होती. दुसऱ्यात सणाचं जेवण. तिसऱ्यात पुरातून म्हाताऱ्या बाईला पाठीवर घेऊन येणारा जवान. चित्रं मऊ, जलरंगातली. करडा, काळा रंग कुठेच नाही. वाईट माणूस नाही, टोपी नाही, चौक नाही. मला बरं वाटलं. चौथ्या पुस्तकात डोंगरावरचं एक गाव होतं. त्या गावाला खाली नव्या वसाहतीत हलवायचं असतं. सगळे खूश असतात. फक्त एका मुलीचे आजोबा जायला तयार नसतात. ते नातीला हळूच सांगतात की गाड्या येतील त्या दिवशी मी जुन्या घराच्या माळ्यावर लपून बसणार, कुणाला सांगू नको. मुलगी रात्रभर विचार करते आणि सकाळी जाऊन गावच्या अधिकाऱ्याला सांगते. पान उलटलं की आजोबा नव्या घराच्या ओट्यावर बसून हसतायत. हातात फळाची फोड, समोर शाळेवर झेंडा, आणि मुलीच्या चेहऱ्यावर तिच्याच बाजूनं आलेला उजेड.

मी ते पान पुन्हा पुन्हा उलटत राहिले. अधिकाऱ्याला सांगितलं ते पान, आणि आजोबा हसतायत ते पान. या दोन पानांच्या मध्ये काय झालं, ते चित्रकारानं काढलेलं नव्हतं. माळ्यावरून त्यांना कुणी उतरवलं, ते काय बोलले, नातीकडे त्यांनी बघितलं का, काही नाही.

मी विद्यार्थिनीला फोन केला. म्हणाले, "चौथं पुस्तक मी करणार नाही."

"का बाई? त्यातलं तेच सगळ्यात गोड आहे."

"मध्ये एक ओळ घालता येईल का? आजोबांना काय वाटलं, एवढीच."

"मजकुरात बदल करायचा नाही, तसं करारातच आहे. आणि बाई, मुलांना एवढं कुठे कळतं? ती चित्रं बघतात."

"मला कळलं होतं," मी म्हणाले आणि मग थांबता आलं नाही. चाळ, मामा, तूस, खळ, टोपी सगळं तिला सांगितलं. आई सोडून कुणाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. ती ऐकून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "बाई, पण आपल्या पुस्तकांत काय वेगळं असतं?" मीच वर्गात मुलांकडून कितीतरी फलक रंगवून घेतले होते, वरून सांगतील त्या मजकुराचे. चौथं पुस्तक दुसऱ्या कुणीतरी केलं. मी शिकवत होते त्या शाळेच्या वाचनालयात आता ते आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा बघितलं, हाताळून त्याचे कोपरे मऊ झाले होते.

पण एकदा तोंडातून निघाल्यावर मला घरात बसवेना. आई आता नव्वदीकडे झुकली आहे, माझ्याकडेच असते. तिच्या माहेरच्या माणसांकडून मी पत्ता काढला. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मैत्रीण वैरागलाच होती. एका सकाळी एसटीनं गेले.

तिचं घर बाजाराच्या मागच्या आळीत निघालं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला ब्लाउजांच्या कापडांच्या पुड्या, प्रत्येकीवर खडूनं नाव. ती मशीनवरच होती. चष्मा वर करून तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव घेतलं. मला सांगावं लागलं नाही.

"बस की," ती म्हणाली. तिची सून पाणी देऊन आत गेली. आई कशी हाय, मुलं काय करतात, हे झालं. मग मीच सुरुवात केली. "मामांबद्दल बोलायला आले."

"बोल."

"मी त्यांना गिरणीच्या दरवाज्यातून येताना बघितलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. चाक थोडं पुढे-मागे फिरवत राहिली. "एवढंच सांगायला आलीस व्हय?"

"हो."

"मग सांगितलंस." थोड्या वेळानं म्हणाली, "टोपी तू केलीस ते बाला ठाव हुतं. तुझं अक्षर वळखायचा की त्यो. तुझ्याच हातची पत्रं गावाला यायची."

मी मान खाली घातली. ती सांगत गेली, आवाज न चढवता, कापड मोजावं तसं. मामांनी वैरागच्या अडतीवर पोती उचलली. सोलापूरला पुन्हा पाऊल टाकलं नाही. दवाखान्याला न्यायची वेळ आली तेव्हाही लातूरला चला म्हणाले. डोक्याला कधी काही लावून घेतलं नाही. उन्हातान्हात बोडक्यानं हिंडायचे. "माझ्या लग्नात फेटा बांधून घेतला न्हाय. व्याही रुसून बसले. लोक म्हणाले, माजलाय. वारला तवा लोकांनी रीतीपरमाणं नवी टोपी आणली घालायला. आईनं हात धरला त्येंचा. म्हणाली, बोडकंच जाऊ द्या."

मी म्हणाले, "मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही."

"तुझं मला काय वाटत न्हाय आता," ती म्हणाली. "ल्हान हुतीस. तुझ्या बापाचं वाटतं, पर त्योबी गेला." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मी हसले गं तवा. बानं बघितलं माझ्याकडं, आन् मी हसत हुते."

"तुला माहीत नव्हतं. मी तुला नाटक म्हणून सांगितलं होतं."

"मला म्हाईत न्हवतं, हे त्याला कुटं म्हाईत हुतं?"

"कधी सांगितलं नाहीस त्यांना?"

"कसं सांगायचं? त्या दिसाचं नावच काढू द्यायचा न्हाय घरात. कुणी सोलापूर म्हणलं तरी उठून जायचा. सांगू सांगू म्हणता म्हातारा झाला. शेवटी शेवटी तर वळखत बी नव्हता."

सुनेनं चहा आणला. आम्ही तो प्यायलो. बाहेर कुणी ब्लाउज न्यायला आलं, ती उठून देऊन आली. परत आली ती बसली नाही, मशीनला टेकून उभी राहिली. मी ओळखलं आणि पिशवी उचलली.

दाराशी ती म्हणाली, "सुनंला यातलं काय ठाव न्हाय. पोराला बी न्हाय. आलीस ते बरं केलंस. पर पुन्यांदा येऊ नगंस."

"नाही येणार," मी म्हणाले.

बार्शीहून येणारी सोलापूरची गाडी अर्ध्या तासानं मिळाली. घरी पोचले तेव्हा आई पलंगावर उठून बसली होती. मी चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "भेटली का?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"चहा दिला," मी म्हणाले.